तालुक्याची छोटी लॅब आणि लेकीचे ८७ रिपोर्ट

केळापूर तालुक्यात राहणाऱ्याला ही लॅब कोणती ते नाव न घेताही कळेल. लॅब चालवणाऱ्या ताईंनी नाव लिहू नका म्हटलं, म्हणून लिहीत नाही. बाजाराच्या गल्लीत, कृषी केंद्राच्या वर, लोखंडी जिना चढून दोन खोल्या. खाली फवारणीच्या औषधांचा वास, वर स्पिरिटचा. सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कूलर, एक इन्व्हर्टर, एक सेल काउंटर, एक मायक्रोस्कोप. एवढीच लॅब. माझ्या लेकीच्या रक्ताच्या इथे ८७ तपासण्या झाल्या. सगळे रिपोर्ट मी तारखेनं फाईलला लावून ठेवले आहेत आणि ते समोर घेऊनच लिहायला बसलो आहे.

मी पांढरकवड्याच्या बाजूला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. हंगामात दिवसाला शंभर-दीडशे गाड्या माझ्या काट्यावरून जातात. आधी भरलेली गाडी, मग रिकामी, मधला फरक म्हणजे शेतकऱ्याचं वर्षभराचं काम. काटा खोटा असला की माणूस घरी जाऊन रडतो, हे मी पाहिलं आहे. त्यामुळे मोजण्याच्या बाबतीत मी कडक आहे. या लॅबला मी पैकीच्या पैकी देतो ते मोजण्यासाठी. बाकी गोष्टींत कमी आहेत, त्याही सांगतो.

२०२२ चा पावसाळा. लेक तेव्हा सहा वर्षांची. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पायाच्या नडग्यांवर निळे डाग दिसले तर आम्हाला वाटलं शाळेत पडली असेल. तान्ह्या पोळ्याला तिच्यासाठी लाकडी नंदी आणून रंगवून ठेवला होता. सगळी पोरं सजून निघाली आणि ही ओसरीवर तशीच बसून राहिली, म्हणे पाय दुखतात. तोवर दुसऱ्या एका ठिकाणी रक्त तपासून झालं होतं. तिथला रिपोर्ट असा: विडाल (टायफॉइडची तपासणी) पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी ४१,०००, त्यात लिम्फोसाइट या प्रकारच्या ८८ टक्के. टायफॉइड म्हणून सलाइन आणि इंजेक्शनं सुरू झाली. १९ दिवस त्यातच गेले. त्या लॅबचं किंवा दवाखान्याचं नाव मी कुठेच घेणार नाही. पण त्या कागदावरचा ८८ हा आकडा मला अजून झोपेत दिसतो, कारण तो आकडा खोटा नव्हता. त्याच्यावरचं नाव खोटं होतं.

हे मला कळलं ते वरच्या दोन खोल्यांत. मेहुणा म्हणाला, एकदा ताईंकडे दाखव. ताई डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, झालेल्या आहेत, वय असेल पस्तीस. लेकीचं रक्त घेतलं, जांभळ्या झाकणाची ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी केली, मशीनला लावली. मशीननं कागद काढला. मी हात पुढे केला तर त्यांनी कागद दिला नाही.

"भाऊ, मशीनचा कागद मी देऊन देईन, पण पयले मले स्लाइड पाहू द्या. अर्धा घंटा बसा."

हा अर्धा तास समजावून सांगावा असा आहे, कारण माझ्या मते लॅबची सगळी किंमत त्यात आहे. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक जागी थ्री-पार्ट सेल काउंटर असतो. तो पांढऱ्या पेशी मोजतो आणि आकारावरून त्यांचे तीन ढीग पाडतो: लहान, मधल्या, मोठ्या. लहानाला लिम्फोसाइट म्हणतो. कॅन्सरची कोवळी पेशी, जिला ब्लास्ट म्हणतात, तिच्यासाठी त्याच्याकडे चौथा ढीग नाही. ती ज्या ढिगात मावेल त्यात जाते. मशीन आकार पाहते, चेहरा पाहत नाही. आमचे ८८ टक्के लिम्फोसाइट तसेच झाले होते. आकडा संशयाचा आहे अशी खूण मशीन छापते, पण ती खूण पाहून कोणी उठून काच घेतली पाहिजे.

ताईंनी काच घेतली. रक्ताचा थेंब ठेवला, दुसऱ्या काचेच्या कडेनं तिरपा धरून एका झटक्यात पुढे ओढला. जिभेसारखा पातळ पट्टा आला, टोकाला पिसासारखा विरळ. वाळवून त्यावर लेशमनचा रंग टाकला, मग पाणी, मग घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. पुढे कित्येक वेळा मी हे पाहिलं आणि एकदाही त्यांनी वेळ कमी केलेली पाहिली नाही, बाहेर वीस माणसं असली तरी.

मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, "लेकराले कोणतं स्टेरॉइडचं इंजेक्शन देलं होतं का? डेक्सा वगैरे?" मी चिठ्ठ्या दाखवल्या. नव्हतं. तेव्हा हा प्रश्न का ते कळलं नाही. नंतर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात स्टेरॉइडनं कोवळ्या पेशी काही दिवस मरतात, लेकरू बरं वाटतं, आणि खरं निदान मागे पडतं. गावोगावी तापावर डेक्सा टोचणाऱ्यांनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावं.

त्यांनी मोबाईलनं भिंगातून फोटो काढून यवतमाळच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना पाठवले. तासाभरात फोन आला. रिपोर्टवर लिहिलं होतं: पांढऱ्या पेशी ४८,६००, हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट २२,०००, ब्लास्ट ८१ टक्के. ताईंनी तोंडानं कॅन्सर हा शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, "ह्या कवळ्या पेशी आहेत भाऊ. ह्या हाडाच्या आत राह्यल्या पाह्यजे, रक्तात नाई. आजच नागपूरले निघा, उद्या नाई." आणि एका लिफाफ्यात रंगवलेल्या दोन, बिनरंगाच्या दोन अशा चार स्लाइड कागदात गुंडाळून दिल्या, वर लेकीचं नाव, तारीख आणि वेळ. पैसे घेतले ३००. स्लाइडचे घेतले नाहीत.

नागपूरला कमरेच्या हाडातून बोनमॅरो, म्हणजे हाडाच्या आतला मगज, काढला. आजार निघाला अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल. लहान पोरांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो, आणि दोन ते पाच वर्षांच्या वयात त्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. उपचार सरकारी जनआरोग्य योजनेतून झाला.

तिथे मी डॉक्टर मॅडमना काट्यावरच्या माणसाचा प्रश्न विचारला. म्हटलं, हा रोग किती वेगानं वाढतो ते कोणत्या तपासणीत दिसतं? त्यांनी मला हाकललं नाही. वॉर्डात रात्री राउंड संपल्यावर खुर्ची ओढून बसल्या आणि सांगितलं, ते मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं.

मला वाटायचं, कॅन्सरची पेशी म्हणजे भराभर दुप्पट होणारी पेशी. मॅडम म्हणाल्या, ल्युकेमियात तसं सरळ नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी थायमिडीन वापरून पाहिलं. जी पेशी दोन होण्याच्या तयारीत आपल्या डीएनएची नक्कल करत असते तीच थायमिडीन आत घेते, आणि फिल्मवर तिच्या जागी काळे ठिपके उमटतात. ठिपके असलेल्या पेशी मोजल्या तर दिसलं की बोनमॅरोतल्या निरोगी कोवळ्या पेशींपेक्षा ल्युकेमियाच्या पेशींत दुभागणाऱ्यांचा वाटा बऱ्याचदा कमीच आहे. मग ढीग का होतो? कारण निरोगी पेशी मोठी होते, कामाला लागते, आपली वेळ आली की मरते. ल्युकेमियाची पेशी मोठीच होत नाही आणि वेळेवर मरतही नाही. येणारा माल तेवढाच, पण जाणारी गाडी बंद. गोदाम भरणारच. हे शेवटचं वाक्य माझं आहे, मॅडमचं नाही, पण त्या म्हणाल्या बरोबर आहे.

दुभागणाऱ्या पेशी मोजायची आणखी एक खूण आहे, तिला की-६७ म्हणतात. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ती सापडली, म्हणून 'की', आणि प्रयोगाच्या ताटलीतल्या ज्या खाचेतून ती निघाली तिचा नंबर ६७. विश्रांतीत असलेल्या पेशीत ती नसते, कामाला लागलेल्या पेशीत असते. स्तनाच्या गाठीच्या आणि लिम्फोमाच्या (लिम्फ गाठींच्या कॅन्सरच्या) रिपोर्टवर हा आकडा नेहमी दिसतो. माझ्या बहिणीच्या सासूच्या रिपोर्टवर मी तो पाहिला होता, म्हणून विचारलं की आमच्या लेकीचा किती? मॅडम म्हणाल्या, हिच्या आजारात आम्ही तो पाहून औषध ठरवत नाही. आम्ही पाहतो ते हे, की औषध दिल्यावर पेशी किती लवकर आणि किती खोलवर कमी होतात. वाढीपेक्षा घट मोजणं हिच्यासाठी जास्त मोलाचं.

घट पहिल्यांदा मोजतात ती आठव्या दिवशी. सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिल्यावर रक्तातल्या ब्लास्ट मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये हजाराच्या खाली असल्या तर स्टेरॉइडला प्रतिसाद चांगला. आमच्या लेकीच्या पांढऱ्या पेशी १,९०० आणि त्यात ब्लास्ट १४ टक्के. मी वहीत गुणाकार केला: २६६. पहिल्या दिवशी हाच गुणाकार ३९,३६६ होता. मी वॉर्डाबाहेर येऊन बायकोला फोन लावला आणि दोन्ही आकडे सांगितले. ती आकडे समजत नाही म्हणाली, पण माझ्या आवाजावरून समजली.

दुसरी मोजणी पहिल्या टप्प्याच्या शेवटी, आमच्याकडे पस्तिसाव्या दिवशी. तिला एमआरडी म्हणतात, म्हणजे औषधानंतर मागे उरलेला, डोळ्याला न दिसणारा रोग. मायक्रोस्कोपखाली बोनमॅरोत ५ टक्क्यांपेक्षा कमी ब्लास्ट म्हणजे रोग मागे हटला असं पूर्वीपासून धरतात. पण निदानाच्या वेळी अंगात या पेशी साधारण एक लाख कोटी असतात. मायक्रोस्कोपखाली सगळं साफ दिसलं तरी एक हजार कोटी उरलेल्या असू शकतात. हे ऐकून माझे हातपाय गार पडले होते.

आणि मला २०१७ आठवलं. त्या साली आमच्या भागात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. बोंडं वरून हिरवीगार होती, फोडलं की आत अळी. तेव्हापासून कृषीवाले सांगतात, पराटीकडे (कापसाच्या झाडाकडे) पाहून ठरवू नका, कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. म्हणजे न दिसणाऱ्या अळीचा हिशेब दिसणाऱ्या पतंगावरून. एमआरडी हा मला तसाच सापळा वाटला.

एमआरडीची तपासणी फ्लो सायटोमेट्रीनं करतात. पेशींना चमकणारा रंग लावलेल्या अँटिबॉडी चिकटवतात, मग त्या द्रवाच्या धारेतून एकामागून एक लेझरसमोरून जातात. माझ्या काट्यावरून गाड्या जातात तशा, फक्त इथे लाखो. कोणत्या पेशीवर सीडी १९ ही खूण आहे, कोणावर सीडी १०, कोणावर सीडी ३४, आणि किती चमक आहे, यावरून निरोगी कोवळी पेशी आणि रोगाची कोवळी पेशी वेगळी ओळखतात. दहा हजारांत एक पेशी असली तरी पकडतात. ०.०१ टक्का.

हा आकडा मी माझ्या भाषेत आणला तेव्हाच मला समजला. एक क्विंटल कापसात ०.०१ टक्का म्हणजे १० ग्रॅम. माझा काटा १० किलोच्या खालचा फरक दाखवत नाही. मायक्रोस्कोपचा ५ टक्का म्हणजे क्विंटलमागे ५ किलो. आणि ही तपासणी १० ग्रॅम शोधते, आणि ते १० ग्रॅमही कापसासारखेच दिसणारे.

बोनमॅरो काढणाऱ्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहितो, कुणाच्या कामाला येईल. सिरिंजनं पहिल्यांदा ओढलेला बोनमॅरो एमआरडीला पाठवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ओढलं की साधं रक्त मिसळतं आणि रोग आहे त्याहून कमी दिसतो. दिवाळीच्या चार दिवस आधी रिपोर्ट आला: ०.०१ टक्क्याच्या खाली. मॅडम लगेच म्हणाल्या, खाली म्हणजे शून्य नाही, म्हणून औषध पुढे दोन वर्षांच्या वर चालेल, एकही गोळी चुकवायची नाही.

इथून पुढे पुन्हा वरच्या दोन खोल्यांची गोष्ट सुरू होते. एमआरडी किंवा फ्लो सायटोमेट्री आमच्या लॅबमध्ये होत नाही, कोणी तशी आशा धरून जाऊ नये. पण घरी आल्यावर गोळ्यांचा डोस आठवड्याच्या, पुढे पंधरवड्याच्या सीबीसीवर, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीवर, ठरायचा. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. (मेथोट्रेक्सेटच्या घराण्यातलं पहिलं औषध, अमिनोप्टेरिन, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ पोरांना दिलं आणि १० पोरांचा रोग काही काळ मागे हटला. हे १९४८ मध्ये छापून आलं. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथलं काम येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या माणसाच्या हाताखाली चालायचं. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलुगू बोली सुरू होते. आमच्या बाजूचाच माणूस म्हणावा असा. दर मंगळवारी गोळी देताना मला त्यांची आठवण यायची.) पेशी फार पडल्या तर गोळी थांबवा, फार वाढल्या तर डोस कमी पडतो आहे. म्हणजे रिपोर्ट चुकला की औषध चुकलं.

ताई रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मशीनला कंट्रोल लावतात. आकडे आधीच माहीत असलेलं रक्त, कमी, बरोबर आणि जास्त असं तीन प्रकारचं. आकडे जुळले तरच पुढे काम. आम्हीही हंगामात सकाळी प्रमाणित वजनं ठेवून काटा पाहतो, म्हणून ते पाहून मला फार बरं वाटलं. एकदा कंट्रोल जुळला नाही तर त्यांनी साडेदहापर्यंत एकही रिपोर्ट दिला नाही. लोक चिडले, दोघं-तिघं खाली उतरून गेले. मी थांबलो.

जानेवारीतली गोष्ट. मशीननं प्लेटलेट १८,००० दाखवल्या. आमच्याकडे "पेशी कमी झाल्या" म्हटलं की घरात रडारड सुरू होते. माझ्या बायकोनं तिथेच पिशवी भरायला घेतली. ताईंनी स्लाइड पाहिली आणि मला बोलावलं, "या, पाहा." मी डोळा लावला. जांभळ्या ठिपक्यांचे घोसचे घोस एका जागी चिकटलेले. ट्यूबमधल्या ईडीटीए या औषधामुळे कधीकधी प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन एका घोसाला एक मोजते किंवा सोडूनच देते. त्यांनी निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं. आले १,०२,०००, आणि ट्यूबमधल्या द्रवानं रक्त पातळ होतं म्हणून १.१ नं गुणून १,१२,२००. त्या दिवशी स्लाइड पाहिली नसती तर पोरीला दीडशे किलोमीटर नेऊन विनाकारण प्लेटलेट चढवायची वेळ आली असती. दुसऱ्या सुईचे पैसे लागले नाहीत.

२०२३ च्या मे महिन्यात पहाटे पाच वाजता ताप १०१ भरला. डॉक्टरांचं बजावणं होतं, ताप १००.४ च्या वर गेला तर रिपोर्टची वाट पाहायची नाही, निघायचं. मी ताईंना फोन केला, त्या घरूनच लॅबच्या जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या. गाडीतच एका टोचणीत रक्त घेतलं. "तुमी निघा, आकडा मी रस्त्यात कळवतो." करंजी सोडून वडकी यायच्या आत फोन आला: पांढऱ्या १,१००, न्यूट्रोफिल २२ टक्के. मी गुडघ्यावर गुणाकार केला, २४२. पाचशेच्या खाली म्हणजे अंगात जंतूंशी लढायला फौजच नाही. नागपूरला पोचलो तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरकडे व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आलेला होता आणि अँटिबायोटिकची बाटली टांगून तयार होती. चौदा दिवसांनी घरी आलो.

उन्हाळ्यात ट्यूब बाहेर पाठवायची असली तर त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे पॅक, मधे जाड कापड, मग ट्यूब. ट्यूबला बर्फ थेट टेकू देत नाहीत, गोठलं की पेशी फुटतात. डब्यावर रक्त घेतल्याची वेळ मोठ्या अक्षरात. आणि स्लाइड मात्र इथेच, ताज्या रक्ताची करून सोबत देतात, कारण ट्यूबमध्ये तासन्‌तास राहिलेल्या पेशींचा चेहरा बिघडतो. हे त्यांना कोणी सांगायला येत नाही, कोणी तपासायलाही येत नाही.

आता कमी काय ते. रविवारी लॅब बंद असते आणि ताई लग्नकार्याला गेल्या तर दुसरं कोणी नाही. पोराची गरज रविवार पाहत नाही. मदतनीस शिकवून ठेवायला हवा, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर फक्त सोमवारी आणि गुरुवारी येतात. बाकी दिवशी फोटोवर काम चालतं आणि रिपोर्टवर 'तात्पुरता' असा शिक्का असतो, सहीचा रिपोर्ट नंतर. ब्लास्टसारख्या गोष्टीत ही चार दिवसांची अडचण होऊ शकते. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, बारीक अक्षरात. ताई समजावतात, पण दुपारी बाराला गर्दीत कुणाला समजावणार? ब्लड कॅन्सरच्या पोरांसाठी न्यूट्रोफिलचा गुणाकार करून एक ओळ मराठीत छापली तर माझ्यासारख्याच्या हातून चूक होणार नाही. जिना उंच आहे, कठडा एकाच बाजूला आहे. पायात ताकद नसलेल्या पोरीला मी उचलून न्यायचो, पण म्हाताऱ्या माणसांचं काय? संडास खाली कृषी केंद्राच्या मागे. आणि ज्यांच्या पेशी पडलेल्या आहेत अशा पोरांना तापानं फणफणलेल्या माणसांच्या मधे बसवतात. आम्ही सकाळी सातला, गर्दीच्या आधी जायचो, ती सोय त्यांनी मागितल्यावर लगेच दिली. ती सगळ्यांना आपणहून द्यावी.

दर: सीबीसी आता ३५० रुपये, स्लाइडसकट. शेजारच्या एका ठिकाणी २०० मध्ये होते. दीडशे रुपयांचा फरक आमच्यासारख्यांना लहान नाही, सोयाबीन पडत्या भावात विकलेल्या वर्षी तर नाहीच. पण २०० मध्ये स्लाइड नसते. रुपये मोजायच्या आधी एवढंच विचारा, "काचेवर पाहता का?"

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एकदा स्लाइडवर काही मोठ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पेशी आल्या. त्या दिवशी ताईंचा चेहरा पडलेला होता. त्यांनी त्यांना ब्लास्ट म्हटलं नाही आणि लपवलंही नाही. लिहिलं: काही मोठ्या लिम्फ पेशी, तज्ज्ञांकडून खात्री करावी. स्लाइड आणि ट्यूब घेऊन मी त्याच दुपारी नागपूरला गेलो. फ्लो सायटोमेट्री झाली, साध्या विषाणूच्या तापानं फुगलेल्या निरोगी पेशी निघाल्या. त्या दोन रात्री कशा गेल्या ते मी लिहू शकत नाही. पण त्यांनी न लिहिता सोडून दिलं असतं तर मी या लॅबमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं नसतं.

गोळ्या २०२५ च्या मार्चमध्ये बंद झाल्या. आता सीबीसी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच. पोळ्याला नंदी तिनं स्वतः रंगवला. रक्त देताना ती आता डोळे मिटत नाही, ट्यूब भरताना बघत बसते आणि ताईंना विचारते, "ताई, काचेवर पाहिलं का?" ताई तिला स्टुलावर उभी करून दाखवतात.

जायचं असेल तर सोमवारी किंवा गुरुवारी जा, सकाळी सातला, जुने रिपोर्ट तारखेनं लावून.